ओंडक्याचं तोंड

करवत थांबते, भुसा खाली बसतो आणि ओंडक्याचं तोंड उघडं पडतं. इंदूरच्या टालीत, म्हणजे लाकडाच्या वखारीत, या सगळ्याला एकच नाव, जळाऊ. छाटणीचा गुलमोहर, वाऱ्याने पडलेला कडुनिंब, बांधावरची बाभूळ एकाच ढिगात आणि एकाच काट्यावर.

करवतीने पिंजलेल्या तोंडावर लाकडाची जात वाचता येत नाही. धारदार चाकूने नखाएवढी जागा गुळगुळीत तासा, ओलं बोट फिरवा, दहापट भिंग डोळ्याशी धरा आणि लाकूड भिंगाजवळ आणा. भिंग लाकडावर टेकवलं की नुसता अंधार दिसतो.

ही बाभूळ. काळपट साल, उभ्या खोल भेगा. बाहेरचं कडं फिकं, आतला गाभा ताजा असताना गुलाबीसर, उघडा राहिला की तांबूस तपकिरी होत जातो. भिंगातून प्रत्येक छिद्राभोवती फिकट कडी दिसते. हातात घेतली की जड. निखारा दाट आणि टिकणारा, बंबासाठी हीच.

शेजारचा ओंडका पिंपळाचा. ताज्या कापावर पांढरा चीक येतो. वाळल्यावर भिंगाखाली फिकट आणि गडद पट्टे आलटून पालटून दिसतात. वड, उंबर याच घराण्यातले. होमाच्या समिधांना मान यांचा, पण बंबात भुर्रकन जळून जातात.

कडुनिंबाचा गाभा लालसर असतो, कड्यापासून वेगळा ओळखू येतो. आंब्यात गाभा आणि कडं यांची सीमा सहसा स्पष्ट नसते, सगळं करडं-पिवळसर. नीलगिरीला वासावरून ओळखायला जाल तर फसाल, तेल पानांत असतं. तिची खूण कुऱ्हाडीखाली कळते: धागा पिळलेला असतो, त्यामुळे चीर सरळ जात नाही आणि पाचर अडकून बसते. साग मात्र स्वतःच नाव सांगतो. वर्षाच्या सुरुवातीची मोठी छिद्रं वलयांत रांगेने बसलेली आणि वास जुन्या चामड्यासारखा. सुताराकडचे साग-तुकडे रंगवलेले असतील तर चुलीत नकोत.

आता काटा. पूर्ण वाळलेल्या लाकडाची उष्णता किलोमागे जातीजातीत फारशी बदलत नाही; बदलतो तो आकार, म्हणजे तेवढ्याच वजनाला आंब्याचा ढीग बाभळीपेक्षा मोठा होतो. गिऱ्हाईक बुडतं ते पाण्यात. 100 किलोत 40 किलो पाणी असेल तर लाकूड 60 किलोच, आणि त्यातली काही आच ते पाणी उकळण्यात जाते. म्हणून दोन फाट्या एकमेकींवर आपटा. वाळलेल्या टणकन वाजतात, ओल्या भद्द. तोंडावर मध्यापासून किरणांसारख्या चिरा हव्यात. ओलं जाळलं तर धूर, काजळी, खोकला.

ओलं गळ्यात पडलंच तर आधी फोडा. सालीतून पाणी हळू निघतं, फोडलेल्या अंगातून लवकर. खाली दोन आडवे बल्ले टाकून रचा, बाजू उघड्या ठेवा. माळव्यात जूनच्या मध्यापर्यंत ऊन मिळतं. त्याआधी रचलेलं पावसात वरून झाका.

दुभाजकांवरच्या छाटणीत कण्हेर असते. तिचा धूर विषारी, ती वेगळी काढून टाका.

मनगटाएवढ्या फांदीत गाभा नीट धरलेला नसतो. तिथे रंग फसवतो. साल, वजन आणि छिद्रं बघा.