पृथ्वीपासून ४०० किलोमीटर उंचीवर डोळ्याचे औषध

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात सुमारे सहा महिने राहून परतलेल्या सात अंतराळवीरांच्या नेत्रतपासणीचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. डोळ्याची नस जिथे आतल्या पडद्याला (रेटिना) येऊन मिळते, तिथे त्यांपैकी पाच जणांना सूज होती. पाच जणांचे नेत्रगोल मागच्या बाजूने किंचित चपटे झाले होते आणि काहींच्या पडद्याखालील थरावर चुण्या पडल्या होत्या. नेत्रगोल असा चपटा झाला की जवळची अक्षरे धूसर दिसू लागतात, म्हणून चाळिशी ओलांडलेल्या अंतराळवीरांसोबत आता जास्त नंबरचे चष्मेही पाठवले जातात. या लक्षणसमूहाला २०१७ पासून ‘स्पेसफ्लाइट असोसिएटेड न्यूरो-ऑक्युलर सिंड्रोम’, संक्षेपाने ‘सॅन्स’, असे नाव आहे.

पडद्याची जाडी मायक्रॉनपर्यंत, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत, मोजणारे ओसीटी यंत्र २०१३ पासून स्थानकातच आहे. दीर्घ मोहिमेवरील सुमारे ७० टक्के अंतराळवीरांमध्ये नसेभोवतीच्या पडद्याची जाडी २० मायक्रॉनहून अधिक वाढलेली या तपासण्यांत आढळली आहे. बहुतेकांची सूज सौम्य असते आणि तिच्यामुळे कोणाची दृष्टी कायमची गेल्याची नोंद नाही; तरीही मोहीम सहा महिन्यांऐवजी तीन वर्षांची झाली, तर हीच सूज कुठवर जाईल, याची चिंता नेत्रतज्ज्ञ करतात आणि ती रास्त आहे. जमिनीवर गुरुत्वाकर्षण रक्त आणि शरीरातील इतर द्रव पायांकडे ओढते. भारहीन अवस्थेत ही ओढ नाहीशी होते, द्रव छाती आणि डोक्याकडे सरकतात, चेहरा फुगतो, पाय बारीक होतात आणि मानेतील शिरांमधून रक्त उतरण्याचा वेग मंदावतो. सूज नेमकी कोणत्या टप्प्यावर सुरू होते, यावर अजून एकमत नाही; द्रवांचे हे स्थलांतर मात्र जवळजवळ सर्वच स्पष्टीकरणांच्या मुळाशी आहे.

अशा सुजेवर उद्या प्रभावी औषध सापडले, तरी ते पडद्यापर्यंत न्यायचे कसे, हा प्रश्न उरतोच, आणि आमच्या मते तो औषधाच्या शोधाइतकाच महत्त्वाचा आहे.

आधी साध्या थेंबांचा विचार करू. बाटलीतून पडणारा थेंब साधारण ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो. त्यातला बराचसा भाग पापणीबाहेर ओघळतो किंवा अश्रुमार्गाने नाकात उतरतो. डोळ्याच्या आत पाच टक्क्यांहूनही कमी औषध शिरते आणि डोळ्याच्या मागच्या भिंतीवर असलेल्या पडद्यापर्यंत त्याहूनही फारच थोडे पोहोचते. ही झाली जमिनीवरची गोष्ट. स्थानकात मुळात थेंब पडतच नाही. बाटली दाबली की औषधाचा गोळा होतो आणि पृष्ठताणामुळे तो टोकालाच चिकटून राहतो. बाटलीचे टोक पापणीच्या अगदी जवळ नेऊन त्या गोळ्याचा डोळ्याला हलकेच स्पर्श करावा लागतो, मग तो बुबुळावर पसरतो. टोक डोळ्याला लागले तर बाटली दूषित होते, आणि घाईने दाबले तर गोळा सुटून केबिनमध्ये तरंगत निघून जातो. डोळ्यातील द्रव भारहीन अवस्थेत किती हट्टी होतो, हे कॅनडाचे अंतराळवीर ख्रिस हॅडफील्ड यांनी २००१ साली स्थानकाबाहेर काम करताना अनुभवले. शिरस्त्राणाच्या काचेवर वाफ धरू नये म्हणून लावलेले साबणासारखे द्रावण त्यांच्या एका डोळ्यात गेले. डोळा चुरचुरू लागला, पाणी आले, पण ते ओघळेना. त्याचा गोळा वाढत वाढत नाकावरून दुसऱ्या डोळ्यात गेला आणि काही काळ त्यांना दोन्ही डोळ्यांनी दिसेनासे झाले.

मधुमेहामुळे पडद्याला सूज आलेल्या रुग्णांना थेट डोळ्यात इंजेक्शन दिले जाते, हे आपल्याकडच्या कित्येक घरांना माहीत आहे. बुबुळाच्या कडेपासून साडेतीन ते चार मिलिमीटर मागे अतिशय बारीक सुई टोचून अवघे ०.०५ मिलिलिटर औषध आत सोडले जाते. रॅनिबिझुमॅब, अफ्लिबरसेप्ट ही औषधे गळणाऱ्या रक्तवाहिन्यांवर काम करतात. सॅन्सची सूज वेगळ्या कारणाने येते, त्यामुळे हीच औषधे तिथे उपयोगी पडतील, असे सिद्ध झालेले नाही; परंतु पडद्याजवळ पुरेसे औषध पोहोचवण्याची याहून खात्रीची वाट आज उपलब्ध नाही. ही औषधे प्रथिनांची असल्याने ती २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागतात आणि गोठूनही चालत नाहीत.

त्यापुढची अडचण बुडबुड्यांची आहे. जमिनीवर सिरिंज उभी धरून टिचकी मारली की हवा वर येते आणि ती काढून टाकता येते. स्थानकात वर-खाली असे काही नसल्यामुळे हवा आणि औषध एकमेकांत मिसळून राहतात. स्थानकातील हवेचा दाब समुद्रसपाटीइतका असला, तरी बाहेर काम करतानाच्या पोशाखात तो जेमतेम तीन-दशांश असतो. डोळ्यात राहिलेला बुडबुडा त्या दाबात तिपटीहून अधिक फुगेल आणि डोळ्यातील दाब वाढवेल. पडद्याच्या शस्त्रक्रियेत डोळ्यात वायू भरलेल्या रुग्णाला डॉक्टर विमानप्रवास आणि उंच घाट टाळायला सांगतात, ते याच कारणाने.

स्थानकात इंजेक्शनाचे उपचार करावे लागल्याचा एक प्रसंग वैद्यकीय नियतकालिकात नोंदलेला आहे. संशोधनासाठी चाललेल्या सोनोग्राफीत, मोहिमेच्या सुमारे दोन महिन्यांनंतर, एका अंतराळवीराच्या मानेतील शिरेत रक्ताची गुठळी दिसली. औषधपेटीत रक्त गोठू न देणाऱ्या एनॉक्सापॅरिन या इंजेक्शनाच्या प्रत्येकी ३०० मिलिग्रॅमच्या २० कुप्या होत्या, सिरिंज मोजक्याच होत्या, आणि पृष्ठताणामुळे कुपीतून औषध ओढून घेणेही कष्टाचे झाले होते. साठा पुरवण्यासाठी ३३ दिवसांनंतर मात्रा कमी करण्यात आली आणि ४२ व्या दिवशी मालवाहू यानातून त्याच कामाच्या ॲपिक्सॅबॅनच्या गोळ्या पोहोचल्या. ही सुई त्वचेखाली टोचायची होती. डोळ्यात टोचायची असती, तर किती नेमकेपणा लागला असता, याची कल्पना करावी. शिवाय प्रत्येक मोहिमेत डॉक्टर असतोच असे नाही.

मंगळाच्या वाटेवर मालवाहू यान मागवता येणार नाही, आणि तिथून विचारलेला प्रश्न पृथ्वीवर पोहोचायलाच ३ ते २२ मिनिटे लागतील. स्थानकावरील ज्या ९१ औषधांच्या मुदतीची माहिती मिळाली, त्यांपैकी ५४ औषधांची मुदत ३६ महिने किंवा त्याहून कमी असल्याचे २०२४ च्या एका अभ्यासात दिसून आले. म्हणजे तीन वर्षांच्या प्रवासातून परतण्याआधीच निम्म्याहून अधिक पेटी कालबाह्य होईल.

म्हणून डोळ्यात बसवून सावकाश विरघळणाऱ्या किंवा झिरपणाऱ्या रोपणांकडे लक्ष जाते. डेक्सामेथासोनचे ०.७ मिलिग्रॅमचे रोपण शीतकपाटाशिवाय ठेवता येते आणि काही महिने काम करते, तर फ्लुओसिनोलोनचे ०.१९ मिलिग्रॅमचे रोपण ३६ महिने औषध सोडत राहते. मंगळमोहिमेच्या कालावधीशी हा आकडा जुळतो, हे खरे. पण दोन्ही औषधे स्टेरॉइड आहेत आणि त्यांच्यामुळे मोतीबिंदू होण्याचा व डोळ्यातील दाब वाढण्याचा धोका असतो. अंतराळातील किरणोत्सर्गामुळे मोतीबिंदूचा धोका आधीच वाढलेला असतो. अशा निरोगी डोळ्यांत उड्डाणापूर्वीच स्टेरॉइड बसवणे आज तरी समर्थनीय वाटत नाही.

पोटात घेण्याची ॲसिटाझोलामाइडची गोळी डोळ्यातल्या साऱ्या अडचणी टाळते, आणि पृथ्वीवर मेंदूभोवतीच्या द्रवाचा दाब वाढून नसेला सूज आली, तर ती वापरलीही जाते. मात्र या गोळीने मुतखड्याची शक्यता वाढते, आणि हाडांतील कॅल्शियम लघवीत उतरत असल्याने अंतराळवीरांना मुतखड्याचा धोका अगोदरच असतो. त्यामुळे औषधाविना द्रव पायांकडे परत नेण्याच्या साधनांवरही संशोधन चालू आहे. मांडीला बांधायचे पट्टे आणि कमरेखाली हवेचा दाब कमी करणारा रशियन ‘चिबिस’ पोशाख ही त्यांतली प्रमुख साधने आहेत. चिबिस पोशाख घातला की रक्त खाली ओढले जाते, पण त्यात अंतराळवीराची हालचाल मर्यादित होते आणि तो दिवसभर घालून काम करता येत नाही. दिवसातून किती वेळ ही ओढ दिली तर पडद्याची सूज रोखता येईल, याचा शोध सध्या घेतला जात आहे.