शकुंतला: शिळेवर, रंगमंचावर, पडद्यावर

[दृश्य: ओल्या दगडावरून फिरणारा शाईचा रूळ]

चुनखडीचा हा दगड. आधी पाण्याचा हात फिरतो, मग शाईचा रूळ. तेलकट खडूची रेघ असेल तिथेच शाई धरते, बाकीचा ओला दगड तिला झटकून टाकतो. शिळाछापाची सगळी विद्या तेल आणि पाण्याच्या या वैरावर उभी आहे.

१८९४ साली राजा रवि वर्मांनी मुंबईत छापखाना काढला. यंत्रं जर्मनीची, कसबी माणसंही तिकडचीच. पहिलं चित्र निघालं ते ‘शकुंतला जन्म’. मेनका तान्हुलीला पुढे करते आहे आणि विश्वामित्र हात आडवा करून तोंड फिरवतो आहे.

[दृश्य: जुन्या छापील चित्राचा क्लोजअप, कॅमेरा पदरावरून चेहऱ्याकडे]

हा गुलाबी पाहा. तो एका दगडाचा. पदराच्या चुणीतली सावली दुसऱ्या दगडाची, गालावरची लाली आणखी एकाची. मूळ तैलचित्र समोर ठेवून कारागीर त्यातला एकेक रंग नजरेनं वेगळा काढायचा आणि त्या रंगापुरतंच चित्र दगडावर उतरवायचा, तेही उलटं. डावा हात उजवीकडे, उजवा डावीकडे. मग डिंक आणि सौम्य आम्लाचा लेप, म्हणजे रेघ पक्की होते. तोच कागद पुन्हा पुन्हा छापायला जायचा, प्रत्येक वेळी नव्या दगडावर. एक रंग वाळला की दुसरा. कागद केसभर जरी सरकला, तरी डोळ्याची बाहुली जागा सोडते. शेवटी वार्निश, म्हणजे कागदाला तैलचित्राची झळाळी.

चित्राखाली नाव रवि वर्मांचं. ते असायलाच हवं. पण हे उलटं रेखाटणारे हातही चित्रकाराचेच होते, आणि त्यांची नावं कुठेच छापली गेली नाहीत.

[दृश्य: तालीम. पेटी, तबला, नांदीचे सूर]

मराठी मुलखाला शकुंतला तोवर गाण्यातून भेटली होती. ३१ ऑक्टोबर १८८०, पुणे, आनंदोद्भव नाट्यगृह. अण्णासाहेब किर्लोस्करांनी कालिदासाचं नाटक मराठीत आणलं, ‘संगीत शाकुंतल’. पहिल्या रात्री चारच अंक झाले. त्याआधीच्या नाटकांत गाण्याचा भार सूत्रधारावर असे, इथे पात्रं स्वतः गाऊ लागली. १९०५ साली मिरजेत याच शकुंतलेच्या वेषात बालगंधर्व रंगमंचावर आले.

[दृश्य: तालमीतली शकुंतला, नुसता चेहरा]

[दृश्य: मळवली स्टेशन, मागे कार्ल्याचे डोंगर]

दरम्यान छापखाना मुंबईहून इथे, लोणावळ्याजवळ मळवलीला आला. पुढे तो रवि वर्मांच्या हातून गेला. इथल्या कामावर काही काळ एक तरुण होता, धुंडिराज गोविंद फाळके. चित्र दगडावरून कागदावर कसं उतरतं, ते त्यांनी आधी इथे हाताळलं. सिनेमा नंतरचा.

शकुंतलेचं नाव परदेशातही पोचलं. पॅरिसमध्ये कामिय क्लोदेलचं शिल्प, १८८८. इटलीत फ्रांको आल्फानोचा ऑपेरा, १९२१.

[दृश्य: जुनं सिनेमा पोस्टर]

१९४३. व्ही. शांतारामांनी प्रभात सोडून राजकमल उभं केलं, आणि राजकमलचा पहिला चित्रपट ‘शकुंतला’. नायिका जयश्री, संगीत वसंत देसाईंचं. मुंबईच्या स्वस्तिक सिनेमात तो १०४ आठवडे चालला.

पण नाटकाला तिकीट लागायचं, सिनेमालाही. छापलेली शकुंतला भिंतीवर खिळा असलेल्या कुठल्याही घरात राहायला जायची. देवघराशेजारी, दुकानाच्या गल्ल्यावर, माजघरात. तिला नुसतं ‘कॅलेंडर आर्ट’ म्हणून बाजूला सारणं आम्हाला मान्य नाही.

१९७२ साली मळवलीचा छापखाना आगीत सापडला.

[दृश्य: हातात धरलेली फ्रेम, खालची पांढरी कड]

तुमच्या घरी, आजोळी, गावच्या वाड्यात अशी काळवंडलेली फ्रेम असेल, तर ती भंगारात देऊ नका. काच उघडण्याआधी खालची पांढरी कड वाचा. तिथे रवि वर्मा प्रेस आणि कार्ला-लोणावळा ही अक्षरं दिसली, तर फोटो काढा, चित्र उन्हापासून आणि ओलीपासून दूर ठेवा, आणि ते घरात कुणी, कधी आणलं हे घरातल्या सर्वात वडीलधाऱ्या माणसाला आजच विचारून लिहून ठेवा.