तिसऱ्या वर्षाला भिणारा प्रशिक्षक

[पडद्यावर: १९४० च्या दशकातलं बुडापेस्ट, कृष्णधवल चित्रफीत]

१९४८. बुडापेस्टचा किश्पेश्त फुटबॉल क्लब. सामन्याचं मध्यंतर. प्रशिक्षक आपल्याच एका खेळाडूवर, मिहाय पात्यीवर, भयंकर भडकलाय. दहा जणांत खेळू, पण तू आता मैदानात पाऊल टाकायचं नाहीस, असं त्याने पात्यीला बजावलंय. तेवढ्यात संघाचा हुकमी एक्का फेरेन्त्स पुश्काश पात्यीला म्हणतो, मनावर घेऊ नकोस, चल. आणि पात्यी उतरतो.

प्रशिक्षक आरडाओरडा करत नाही. प्रेक्षकांत जाऊन बसतो, घोड्यांच्या शर्यतीचं वर्तमानपत्र उघडतो आणि उरलेला सामना त्यात डोकं घालून काढतो. मग ट्राम पकडून घरी. त्या क्लबकडे तो परत फिरकला नाही.

त्याचं नाव बेला गुटमान. हंगेरी, ऑस्ट्रिया, नेदरलँड्स, रुमानिया, इटली, अर्जेंटिना, सायप्रस, ब्राझील, पोर्तुगाल, उरुग्वे, स्वित्झर्लंड, ग्रीस... यादी वाचतानाच धाप लागते. आजच्या काळात विमानं आहेत, एजंट आहेत. गुटमानकडे होती एक सुटकेस आणि जिभेवर नसलेला ताबा.

[पडद्यावर: नृत्यवर्गाचं जुनं छायाचित्र]

जन्म १८९९, बुडापेस्ट. ज्यू कुटुंब, आईवडील नृत्यशिक्षक. बेलानेही वयाच्या सोळाव्या वर्षी नृत्यशिक्षकाची पात्रता मिळवली. पण पाय रमले फुटबॉलमध्ये. बुडापेस्टच्या एमटीके क्लबकडून हंगेरीची लीग जिंकली, मग व्हिएन्नाच्या हाकोआ या ज्यू क्लबकडून १९२५ ची ऑस्ट्रियाची लीग. मधे १९२४ चं पॅरिस ऑलिंपिक. हंगेरीच्या पथकात खेळाडूंपेक्षा पदाधिकारीच जास्त. (हे दुखणं आपल्यालाही नवीन नाही.) गुटमानने निषेध कसा नोंदवावा? मेलेले उंदीर पदाधिकाऱ्यांच्या खोल्यांच्या दारांवर टांगले!

पुढे अमेरिका. न्यूयॉर्कमध्ये खेळला, पैसा कमावला, शेअर बाजारात लावला आणि १९२९ च्या पडझडीत घालवला. पैशाच्या बाबतीत तो पुढे जन्मभर इतका काटेकोर का राहिला, याचं अर्धं उत्तर इथे असावं. उरलेलं अर्धं युद्धात.

१९३९ मध्ये गुटमानच्या उय्पेश्त संघाने हंगेरीची लीग जिंकली आणि मध्य युरोपातला मानाचा मित्रोपा कपही. त्याच सुमारास हंगेरीत ज्यूंवर एकामागून एक निर्बंध येत होते. युरोपातल्या यशस्वी प्रशिक्षकांपैकी एक माणूस बघता बघता बेकार झाला. १९४४ मध्ये जर्मन सैन्य हंगेरीत शिरल्यावर तो बुडापेस्टजवळच्या उय्पेश्तमध्ये एका माळ्यावर लपला. आसरा देणारा होता त्याच्या ज्यू नसलेल्या पत्नीचा भाऊ. पुढे सक्तमजुरीची छावणी नशिबी आली. तिथे त्याच्याबरोबर आणखी एक मोठा प्रशिक्षक होता, एर्नो एर्बश्टाइन. १९४४ च्या अखेरीस दोघेही निसटले. गुटमानचे वडील आणि बहीण मात्र वाचले नाहीत.

एर्बश्टाइनने नंतर इटलीत तोरिनोचा महान संघ घडवला, आणि १९४९ मध्ये त्याच संघाबरोबर सुपेर्गाच्या विमान अपघातात तो गेला.

युद्धानंतर गुटमान बुखारेस्टला गेला. अन्नाची टंचाई होती, तेव्हा पगार भाजीपाल्याच्या रूपात द्या, अशी अट घातली. ही गोष्ट गंमत म्हणून सांगितली जाते. उपास घडलेल्या माणसाला ती गंमत वाटली असेल असं नाही.

[पडद्यावर: मिलानचं सान सिरो मैदान]

१९५५. गुटमानचा मिलान क्लब इटलीच्या लीगमध्ये अव्वल स्थानावर, तरी गुटमानची हकालपट्टी. पुढच्या करारांत म्हणे त्याने कलमच टाकून घेतलं: संघ पहिल्या स्थानावर असताना मला काढता येणार नाही.

१९५७ मध्ये ब्राझीलच्या साव पावलो क्लबला राज्याचं विजेतेपद मिळवून दिलं. तिथे त्याच्यासोबत काम केलेला व्हिसेंते फेओला पुढच्याच वर्षी ब्राझीलचा प्रशिक्षक म्हणून विश्वचषक जिंकला, ४-२-४ (चार बचावाला, दोन मधे, चार आघाडीला) ही रचना घेऊन. ती रचना गुटमाननेच ब्राझीलला शिकवली, असं सर्रास सांगतात. ब्राझीलमध्ये त्यावर आधीपासूनच काम चाललं होतं; सगळं श्रेय त्याला देणं ब्राझीलवर अन्याय ठरेल.

मग पोर्तुगालच्या पोर्तो क्लबला लीग जिंकून दिली, आणि लगेच प्रतिस्पर्धी, लिस्बनच्या बेन्फिकाकडे उडी.

लिस्बनच्या एका केशकर्तनालयात त्याला जुना शिष्य भेटला, ब्राझीलचा बाऊअर. आफ्रिकेच्या दौऱ्यावरून आलेला. मोझांबिकमध्ये एक पोरगा पाहिलाय, म्हणाला. तो पोरगा युसेबियो, पुढे बेन्फिकाचा दिग्गज.

१९६१ मध्ये बर्नला बार्सिलोनाला ३-२ हरवून बेन्फिका युरोपियन कप, म्हणजे युरोपातल्या क्लबांचं विजेतेपद, जिंकली, युसेबियोविनाच. १९६२ च्या अंतिम सामन्यात, अॅमस्टरडॅमला, समोर रेआल माद्रिद. पुश्काश तिथेही हजर! मध्यंतराला त्याचे तीन गोल, माद्रिद ३-२ पुढे. पण माद्रिदचे दिग्गज वयाने थकत चालले होते. उत्तरार्धात कोलुनाचा एक, युसेबियोचे दोन गोल. ५-३. सामना संपल्यावर पुश्काशने आपला शर्ट त्या वीस वर्षांच्या पोराला दिला.

[पडद्यावर: चषक उंचावलेले बेन्फिकाचे खेळाडू]

गुटमानने बक्षिसाची जादा रक्कम मागितली. संचालकांनी नकार दिला. तसंही प्रशिक्षकाला एकाच क्लबात तिसरं वर्ष घातक असतं, हे त्याचं ठाम मत होतं, आणि बेन्फिकात त्याची तीन वर्षं झाली होती. तो निघाला. जाताना म्हणे शाप दिला: शंभर वर्षं बेन्फिका युरोपची विजेती होणार नाही.

त्यानंतर बेन्फिका युरोपातले आठ अंतिम सामने हरली. १९९० चा व्हिएन्नात होता. युसेबियोने गुटमानच्या थडग्यापाशी जाऊन प्रार्थना केली. मिलानने १-० हरवलं.

शाप म्हटलं की कॅमेरे धावतात. पण जरा बघा: १९६५ चा अंतिम सामना मिलान शहरातल्याच इंटर क्लबविरुद्ध, तोही इंटरच्याच सान सिरोवर. १९६८ चा मँचेस्टर युनायटेडविरुद्ध, लंडनला वेम्ब्लीवर. पाहुण्या संघाला हरायला शाप कशाला लागतो?

आणि ज्याने शाप दिला म्हणतात, तो तीनच वर्षांत, १९६५ मध्ये, स्वतः बेन्फिकाचा प्रशिक्षक म्हणून परतला. तोच युरोपियन कप जिंकायला! मार्च १९६६ मध्ये लिस्बनला युनायटेडने बेन्फिकाला ५-१ चिरडलं. एकोणीस वर्षांच्या जॉर्ज बेस्टने पहिल्या काही मिनिटांतच दोन गोल ठोकले. हंगाम संपला, गुटमानने सुटकेस भरली. जिनिव्हा, अथेन्स, शेवटी पुन्हा एकदा पोर्तो. १९८१ मध्ये व्हिएन्नात त्याचा मृत्यू झाला.

२०१४ च्या फेब्रुवारीत बेन्फिकाने आपल्या मैदानावर त्याचा पुतळा उभारला, दोन्ही हातांत एकेक चषक. मे महिन्यात युरोपा लीगचा अंतिम सामना सेव्हियाविरुद्ध. बेन्फिका पेनल्टी शूटआऊटमध्ये हरली.