जी जी आणि गीगी

(काळोख. कागद पेटल्याचा आवाज. मग हलगीवर एकच टिपरी.)

हलगी आधी शेकावी लागते. कातडं सैल असलं की ती बोलत नाही, नुसती धप्प वाजते. म्हणून सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका सभागृहाबाहेर, यंत्रमागांच्या खडखडाटात, सकाळीच जाळ पेटलाय. भोवती तिघं बसलेत. हलगीवाले मामा, संबळ घेऊन आलेले गोंधळी अण्णा आणि सोलापूरजवळच्या बाळे गावच्या खंडोबापुढं दिमडी वाजवणारा एक वाघ्या. तिघंही याच जिल्ह्यातले. एकमेकांची वाद्यं त्यांनी लहानपणापासून ऐकलीत, गड्ड्याच्या जत्रेत, तुळजापूरच्या वाटेवर. पण समोरासमोर बसून एकत्र वाजवायची वेळ कधी आली नव्हती.

येणार तरी कशी? आपल्याकडं वाद्याला देव असतो आणि देवाच्या मागं जात उभी असते. संबळ भवानीचा, दिमडी खंडोबाची, पखवाज विठ्ठलाचा. हलगी मरीआईपुढं लागते, वरातीत लागते, अंत्ययात्रेतही लागते. सगळ्यांना लागते, पण वाजवणाऱ्याला मांडवात पंगतीला बसवताना गावानं फार वर्षं हात आखडता घेतला. ही गोष्ट सांगितल्याशिवाय आजच्या तालमीचं मोल कळणार नाही.

ही तालीम भरवणारी संस्था छोटी आहे. तिनं ठरवलेली गोष्टही साधीच. महिन्यातून एकदा जिल्ह्यातल्या लोककलावंतांना एका छताखाली बोलवायचं. येण्याजाण्याचं भाडं, दुपारचं जेवण आणि दिवसाची बिदागी द्यायची. कार्यक्रमाची सुपारी असो वा नसो, तालमीचेही पैसे. आमच्या मते सगळ्या कामाचा पाया हाच आहे. एरवी शेतात नाहीतर बांधकामावर जाणारा माणूस एक दिवस इथं बसतो, तेव्हा घरात त्या दिवसाची मजुरी येत नाही. कला जपा म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्या दिवसाच्या मजुरीचा विचार करणारे फार थोडे.

(पेटीचा सूर. ढोलकीवर थाप.)

पहिला तास जुळवाजुळवीत जातो. मोडनिंबहून आलेल्या ताई लावणीच्या संगीत बारीत गातात, त्यांची पट्टी काळी पाच. ढोलकी त्या सुराला लावता येते. हलगीचं तसं नाही. ती जाळाचं ऐकते, पेटीचं नाही. दोनदा शेकून झाली, तरी मामांचं समाधान होईना. शेवटी अण्णांनी मार्ग काढला. ताईंचा आलाप चालू असताना हलगी गप्प राहील आणि सम आली की पडेल. मामा हसले. ज्या वाद्यानं उभा जन्म मिरवणुकीच्या गोंगाटाशी झुंज घेतली, ते आज कुणाच्या तरी आवाजासाठी थांबून राहिलं होतं.

दुपारनंतर अक्कलकोटकडची मंडळी आली. गाणं कन्नड, हातात डप्प, तुणतुणं आणि टाळ. समोर मराठी शाहीर, हातात डफ, साथीला तेच तुणतुणं. शाहिरामागं झीलकरी ‘जी जी रं जी’ म्हणतात, कन्नड गायकामागं ‘गीगी’ची ओढ असते. त्या गाण्यांचं नावच गीगी पद. आपल्याकडं शाहिरांचे दोन पक्ष, कलगी आणि तुरा, तिकडं नागेशी आणि हरदेशी. भांडणही एकच : शिव मोठा की शक्ती?

सोलापूरला हे नवं नाही. लावणीकार राम जोशी याच गावचे. वेदविद्येच्या घरातून उठून ते तमाशाच्या फडात गेले, दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी. १९१६ साली बार्शीत जन्मलेल्या शाहीर अमर शेखांनी डफ घेऊन कामगारांची आणि संयुक्त महाराष्ट्राची लढाई गायली. मंगळवेढ्याच्या हुलजंतीला दिवाळीत महालिंगरायाच्या पालखीभेटीला धनगरी ढोल घुमतात, तेव्हा गर्दीत मराठी आणि कन्नड दोन्ही कानांवर पडतात.

काही गोष्टी या सभागृहात होत नाहीत. गोंधळाचं आवाहन अण्णा इथं म्हणत नाहीत. ते चौक मांडल्यावर, दिवटी पेटल्यावरच. संस्थेनं तसा आग्रह कधी धरला नाही, ध्वनिमुद्रणही त्यांना विचारूनच होतं. जेवणानंतर एक कार्यकर्ती कोपऱ्यात कागद घेऊन बसते. ज्येष्ठ कलावंतांना सरकारचं दरमहा मानधन आहे, पण त्यासाठी पुरावे लागतात. जत्रेत पन्नास वर्षं वाजवलेल्या हलगीची पावती कुणी दिलेली नसते. मग जुने फोटो, पत्रिका, ग्रामपंचायतीचा दाखला असं शोधत राहायचं.

(सवाल-जवाब सुरू. दोन तुणतुणी एका सुरात.)

मराठी सवाल संपला. कन्नड गायकानं डोळे मिटले, मान हलवली आणि आपल्या भाषेत जवाब टाकला. शाहिराला अर्धा कळला असेल. पण झीलकऱ्यांनी ‘जी जी’चा सूर ओढला, पलीकडून ‘गीगी’ मिसळलं, आणि मामांची हलगी नेमकी समेवर पडली. अण्णांचा संबळ तिच्या मागोमाग.

शिव मोठा की शक्ती, हे आज ठरलं नाही. अक्कलकोटची एसटी चुकायला नको म्हणून तुणतुणं पिशवीत गेलं. दारातून एक झीलकरी मागं वळून विचारतोय, “काय ओ अण्णा, फुडच्या महिन्यात येताय ना?”

बाहेर जाळ विझलाय. मामा हलगी फडक्यात गुंडाळताहेत.