ओकवर्थचा फलाट

इंग्लंडमधल्या लीड्सहून स्किप्टनकडे जाणारी विजेवरची गाडी साधारण अर्ध्या तासात कीथलीला पोचते. वाटेत सॉल्टेअर लागतं. लोकरीच्या गिरणीभोवती वसवलेलं हे गाव आज जागतिक वारसा यादीत आहे. उतरायचा मोह होतो, पण आज आपल्याला पुढे जायचंय.

कीथलीचे एक आणि दोन नंबरचे फलाट नेहमीच्या गाड्यांचे. तिथून तीन आणि चार नंबरकडे वळलात की आधी नाकाला कळतं, इथे कोळसा जळतोय. ही कीथली अँड वर्थ व्हॅली रेल्वे. जेमतेम आठ किलोमीटरची, सहा स्थानकांची, डोंगरात चढत जाणारी लाइन. ब्रिटनमध्ये जुन्या काळावरचे चित्रपट आणि मालिका करणारे लोक वर्षानुवर्षं इथे कॅमेरे घेऊन येत आले आहेत. ‘पीकी ब्लाइंडर्स’मधली गाडीसुद्धा याच रुळांवरची.

अशी ठिकाणं पाहायला लोक सहसा मोठ्या हवेल्यांकडे जातात. मँचेस्टरहून लोकलने डिझली गाठायचं, तिथून चालत लाइम पार्क. बीबीसीच्या १९९५च्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ मालिकेतलं पेम्बर्ली, म्हणजे नायक डार्सीची हवेली, ती हीच, पण बाहेरून. आतले दिवाणखाने डर्बीशरमधल्या सडबरी हॉलचे. हवेली देखणी आहे, जरूर पाहा. पण तिथे आपण पाहुणेच राहतो. वर्थ खोऱ्यात मात्र तिकीट काढून थेट चित्रपटातल्या गाडीतच बसता येतं.

गाडी सुटली की लगेच चढण लागते. इंजिनाचे फुत्कार जड होतात, डब्याच्या खिडकीत वाफ येते. इन्ग्रो, मग डॅमेम्स. हे स्थानक इतकं छोटं की एखादा डबाच काय तो फलाटाला नीट लागेल. आणि मग ओकवर्थ.

इथे उतराच. पुढची गाडी येईपर्यंत वेळ घालवण्यासारखं खूप आहे. फलाटावरचे दिवे गॅसचे आहेत, आणि संध्याकाळी खरोखर पेटतात. भिंतीवर एनॅमलच्या जुन्या जाहिराती. थंडीत प्रतीक्षालयात शेगडी धगधगत असते. गाडी यायच्या वेळी फाटक हाताने लोटून बंद केलं जातं. रस्त्यावरच्या मोटारी थांबतात आणि गाडी निघून गेल्यावर फाटक परत तसंच उघडतं.

१९७० साली लायोनेल जेफ्रीज यांनी ‘द रेल्वे चिल्ड्रन’ इथे चित्रित केला. वडिलांना खोट्या आरोपाखाली तुरुंगात टाकलंय, आई तीन मुलांना घेऊन लंडनहून यॉर्कशरच्या खेड्यात आलीय, आणि मुलांचा जीव त्या रेल्वेत अडकलाय. शेवटी थोरली रॉबर्टा या फलाटावर उभी असते. गाडी येते, निघून जाते. वाफ विरते आणि त्यातून वडील दिसतात. तो चित्रपट पाहिलेल्या कुणालाही इथे उभं राहून गहिवरून येईल. ती भूमिका करणाऱ्या जेनी अगटर पन्नासेक वर्षांनी, २०२२च्या पुढच्या भागासाठी, याच स्थानकात पुन्हा आल्या.

ओकवर्थ आणि हॉवर्थच्या मध्ये मिथॉम्स बोगदा आहे. चित्रपटात तो लांबलचक वाटतो. प्रत्यक्षात गाडी आत शिरली म्हणेपर्यंत बाहेर पडते. चित्रीकरणासाठी कॅनव्हास लावून त्याची लांबी वाढवली होती! दरड कोसळल्यावर मुली लाल परकरांचे बावटे करून गाडी थांबवतात, तो प्रसंगही याच परिसरातला.

आता या लाइनच्या जन्माची गोष्ट, कारण मला ती चित्रपटाइतकीच प्रिय आहे. १८६१ साली जॉन मॅक्लॅन्ड्सबरो नावाचा एक अभियंता हॉवर्थला आला. कशासाठी? कादंबरीकार शार्लट ब्राँटीचं गाव पाहायला. ती जाऊन सहा वर्षं झाली होती. गावात पोचला तर तिथे रेल्वेच नाही. मग त्यानेच लाइनची योजना मांडली, आणि खोऱ्यातल्या गिरणीमालकांनी कोळसा-मालासाठी ती उचलून धरली. १३ एप्रिल १८६७ला समारंभाची पहिली गाडी निघाली आणि चढणीवर अडकली. पुढे तर डबे वेगळे करून ती दोन खेपांत न्यावी लागली. आवडत्या लेखिकेचं गाव पाहायच्या ओढीतून उगवलेली रेल्वे, आणि आज लोक आवडत्या चित्रपटाच्या ओढीने तिच्यात बसतात.

१९६२पर्यंत सरकारी रेल्वेने ही लाइन बंद केली होती. गावकरी आणि रेल्वेवेडे एकत्र आले, संस्था काढली, आणि २९ जून १९६८ला गाडी पुन्हा धावली. दोन वर्षांनी चित्रपट आला आणि प्रवाशांची रीघ लागली. आजही इथले चालक, कोळसा मारणारे, गार्ड, तिकीट तपासणारे बहुतेक सगळे स्वयंसेवक आहेत. पितळी मुठी चकाकतात त्या कुणीतरी सुट्टीच्या दिवशी येऊन घासल्यात म्हणून. कॅमेरे आठवडाभर येतात. उरलेलं वर्षभर हा जुना काळ हीच माणसं चालू ठेवतात.

हे पाहताना विदर्भ आठवल्याशिवाय राहत नाही. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूरची शकुंतला! वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरच्या गिरण्यांना पुरवण्यासाठी घातलेली ही अरुंद लाइन. तिचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरलाच बनलं होतं आणि १९९४पर्यंत धावलं. ‘रेल्वे चिल्ड्रन’मधलं हिरवं इंजिनही १८८७चं, तेही मँचेस्टरचंच. ते आजही वर्थ खोऱ्यात जपून ठेवलंय. शकुंतला मात्र बंद पडली. तिच्यासाठी विदर्भातली माणसं अजून भांडतायत, आणि त्यांनी भांडत राहावं असं मला मनापासून वाटतं.

हॉवर्थला उतरून फरसबंदी चढणीने वर गेलं की ब्राँटी भगिनींचं घर लागतं. १९२८पासून तिथे संग्रहालय आहे. चित्रपटातल्या डॉक्टरांचं घर म्हणून हेच वापरलं होतं. चित्रपटातल्या मुलांचं ‘थ्री चिमनीज’ घर शेवटच्या स्थानकाजवळ, ऑक्सनहोपला आहे. ती खाजगी मालमत्ता आहे, तेव्हा पायवाटेवरूनच बघावं.

निघण्यापूर्वी वेळापत्रक पाहा, वाफेची गाडी रोज नसते. चढताना इंजिनालगतचा डबा धरा, म्हणजे चढणीवरचा त्याचा आवाज पुरेपूर ऐकू येईल. ऑक्सनहोपला इंजिन सुटतं, बाजूच्या रुळावरून दुसऱ्या टोकाला जातं आणि उलट्या तोंडानेच गाडी खाली नेतं. ते जोडताना बघायला मुलांना फलाटावर पुढे घेऊन जा.