म्हाताऱ्याची वाईट गाय

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय स्पेलिंगबद्दल, आणि तेही रेडिओवर, म्हणजे दिसणार काहीच नाही. तेव्हा कागद हाताशी असेल तर चार अक्षरं लिहून घ्या: ओ, यू, जी, एच. कागद नसेल तर बोटानं तळहातावर काढा, चालेल.

माझ्या पिढीची इंग्रजीशी गाठ पाचवीत पडली. पहिलीपासून इंग्रजी 2000 साली आलं. तोवर मराठी शाळेत सगळ्यांचं ए-बी-सी-डी पाचवीतच सुरू व्हायचं. पुस्तकातल्या प्रत्येक इंग्रजी शब्दाखाली आम्ही पेन्सिलीनं देवनागरीत उच्चार लिहून ठेवायचो. पी-एल आणि ही चार अक्षरं असा शब्द आला, शेजारी नांगराचं चित्र होतं. गुरुजींनी सांगितलं, प्लाउ. लिहिलं. काही दिवसांनी सी आणि पुन्हा तीच चार अक्षरं आली. मी गुरुजींची वाट न बघता खाली लिहून टाकलं, काउ. वाचायला उभं केल्यावर खणखणीत वाचलं, ‘दि ओल्ड मॅन हॅड अ बॅड काउ.’ म्हाताऱ्याकडे एक वाईट गाय होती. वर्गातलं कुणी हसलं नाही. म्हाताऱ्याकडे गाय असणार आणि ती मारकी असणार, यात हसण्यासारखं काय? हसले ते एकटे गुरुजी. म्हणाले, ‘अरे, त्याला खोकला झालाय. कॉफ!’

तेव्हा खरा घोळ पुढेच होता. टी लावून टफ, म्हणजे चिवट, अवघड. डी लावून मात्र डफ नाही, डो: भिजवलेली कणीक. बी लावला की बाउ, झाडाची मोठी फांदी. टी-आर लावा, ट्रॉफ, गुरांना पाणी पाजायची डोणी. टी-एच-आर लावा, थ्रू, म्हणजे मधून, आरपार. त्याच थ्रूमध्ये आर-च्या आधी एक ओ घुसवला की थरो, कसून केलेलं. शेवटी टी जोडला तर बॉट, थॉट, फॉट. पण दुष्काळाला ड्रॉट नाही, ड्राउट. एस-एल लावला तर शब्द एक आणि उच्चार दोन: दलदल असेल तर स्लाउ, साप कात टाकत असेल तर स्लफ. इंग्लंडात लफबरो नावाचं गाव आहे, त्याच्या नावात ही चार अक्षरं दोनदा येतात आणि दोन्हीकडे वेगळी वाजतात. उचकीचं तर विचारूच नका. हिकपच्या शेवटी खोकला लिहायची पद्धत पडली ती निव्वळ गैरसमजातून. उचकीचा खोकल्याशी काहीतरी संबंध असावा, असं कुणाकुणाला वाटलं म्हणून.

मग ही जी-एच नावाची जोडी तिथे बसवली कुणी? जुन्या इंग्रजीत घशातून घासत येणारा एक आवाज होता. स्कॉटलंडमध्ये तळ्याला लॉख म्हणतात, त्यातला ख; उर्दूवाले ‘ख़बर’ म्हणताना काढतात, साधारण तसा. 1066 मध्ये फ्रान्सहून आलेल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, लेखनिकांच्या सवयी बदलल्या आणि पुढे या आवाजासाठी जी-एच लिहायची रीत रुळली. म्हणजे तेव्हा ती अक्षरं मुकी नव्हती. 1476 मध्ये विल्यम कॅक्स्टननं वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला आणि हळूहळू स्पेलिंगं गोठत गेली. जिभा मात्र गोठल्या नाहीत. घासणारा ख बऱ्याच शब्दांत विरून गेला, काहींत त्याचा फ झाला. स्वर आपापल्या वाटेनं सरकले. छापलेलं राहिलं तिथंच.

इथपर्यंतची गोष्ट इंग्लंडची. आता जी सांगतो, ती मला फार उशिरा कळली. त्या कणकेच्या डो-मागचा मूळ धातू आणि आपल्या ‘देह’ शब्दामागचा धातू एकच आहे. मळणं, लिंपणं, आकार देणं, असा त्याचा अर्थ. त्यांच्याकडे पीठ मळलं गेलं, आपल्याकडे देह घडला. झाडाची फांदी, बाउ, ही आपल्या ‘बाहू’ची सख्खी बहीण. आज चार अक्षरांचा हट्ट थोडा सैल करतो: डॉटर, मुलगी, म्हणजे आपली ‘दुहिता’. त्यातही जी-एच आहेत. या तिन्ही जोड्या कागदावर शेजारी मांडा. इंग्रजीत जिथे मुके जी-एच आहेत, बरोबर तिथे आपल्याकडे ह आहे, आणि तो आपण आजही मोकळेपणानं म्हणतो.

वजनाला हलका अशा अर्थाचा लाइट घ्या. तो आपला ‘लघु’. इथे तर जी-एचसमोर सरळ घ उभा आहे. याच लघुच्या ‘लघुक’ या रूपाचं प्राकृतात लहुअ झालं, मग ल आणि ह यांनी जागा बदलल्या आणि हलुअ झालं. आपलं हळू, हलकं त्याच घरचं.

अर्थात हे सूत्र हाती लागलं म्हणून ते सगळीकडे लावत सुटू नये. रात्रीच्या नाइटमध्येही जी-एच आहेत, पण त्यांच्यासमोर ह नाही, क आहे: ‘नक्त’. दिवसभर उपाशी राहून रात्री जेवायचं, त्या नक्त उपवासातला. आणि खोकल्याच्या कॉफमध्ये आपला कफ शोधायला जाऊ नका. मी गेलो होतो. उच्चार जुळतो, आजारही जुळतो, नातं मात्र काडीचं नाही. इंग्रजी शब्द खोकल्याच्या आवाजावरून आला, आपला संस्कृतातून.

‘मग ती अक्षरं काढून का टाकत नाहीत?’ असं विद्यार्थी विचारतात. प्रयत्न झाले. अमेरिकेत कोशकार नोआ वेब्स्टरनं नांगराचं शेपूट कापलं, तिथे तो पी-एल-ओ-डब्ल्यू असा लिहितात. 1906 मध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी सरकारी छापखान्याला तीनशे शब्द सोप्या स्पेलिंगनं छापायचा हुकूम दिला. त्यात थ्रूही होता, टी-एच-आर-यू. वर्तमानपत्रांनी टर उडवली, तिथल्या संसदेनं, म्हणजे काँग्रेसनं, विरोध केला, हुकूम मागे घ्यावा लागला. ‘शिकागो ट्रिब्यून’नं 1934 पासून स्वतःच्या पानांवर असा प्रयोग चालवला आणि 1975 मध्ये तो सोडून दिला. जे अध्यक्षांना जमलं नाही, ते खाण्याच्या दुकानांनी केलं. गाडीतून न उतरता खाणं घ्यायच्या खिडकीवर ड्राइव्ह-थ्रू असतं, ते चारच अक्षरांत.

आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीतही आता डोनट मिळतो. पाटीवर डी-ओ-एन-यू-टी. परवा मालकांना म्हटलं, ‘अहो, यात मूळचे यू-जी-एच होते, तुम्ही ते खाल्लेत.’ ते म्हणाले, ‘सर, पाटीवाला अक्षराप्रमाणे पैसे घेतो.’