शाळेच्या दारात आलेली आई

समोर बेळगाव भागातल्या मराठी शाळांचे मुख्याध्यापक आहेत, पहिलीच्या बाई आहेत, एसडीएमसीचे, म्हणजे शाळा समितीचे सदस्य आहेत, म्हणून थेट कामाचं बोलतो. शाळा सुरू होते त्या दिवशी आपण दाराला आंब्याच्या पानांचं तोरण बांधतो, पोरांच्या हातात फूल देतो, आणि ते मनापासून करतो. पण पोराला सोडायला आलेली आई फाटकाशी उभी राहते आणि तिथूनच माघारी जाते. मराठी शाळेचा पट टिकायचा असेल, तर त्या दिवशी आत बोलवायचं आहे तिला.

आधी वेळेचं बघू. आपल्याकडे कर्नाटकात शाळा मेच्या अखेरीला उघडते, तर महाराष्ट्रातली चंदगड, गडहिंग्लज, कागलकडची शाळा साधारण जूनच्या मध्यावर. आपल्या निम्म्या घरांचं आजोळ तिकडे. मामाच्या पोरांना सुट्टी असताना आपलं पोर एकटं परत कसं येईल? पहिल्या पंधरवड्यातल्या गैरहजेरीचं मोठं कारण हे आहे. त्याला पालकांची अनास्था म्हणणं चूक. मेच्या शेवटच्या आठवड्यात घरी फोन करून तारीख सांगा, आणि जमल्यास आजोळच्या नंबरावरही. दुसरी अडचण पेरणीची. खानापूरकडे भाताची धूळवाफ, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीतली पेरणी याच दिवसांत, पुढे मृग लागला की घरात कोणी सापडत नाही. पालकांची बैठक सकाळी ११ वाजता ठेवली तर खुर्च्याच उरतात. बऱ्याच गावांत सोमवारी आणि अमावस्येला औत जुंपत नाहीत. तो दिवस धरा, किंवा संध्याकाळी ७ नंतर, देवळाच्या कट्ट्यावर.

पहिल्या दिवशी दोन शिक्षक वेगळे काढा. एक दाराशी, एक टेबलाशी. आईला खुर्ची द्या, पाणी द्या, आणि कागद मागण्याआधी चार गोष्टी विचारा: पोराला घरी काय हाक मारता, न्यायला कोण येणार, घरात कोणती भाषा चालते, काही आजार किंवा औषध आहे का. पाच मिनिटं लागतात. उत्तरं वहीत लिहा, कारण ऑगस्टमध्ये पोराला ताप आला की हीच वही उघडावी लागते.

भाषेचं जरा थांबून सांगतो. ‘आई शेतात काम करालीय’ असं पोर म्हणालं की ‘करतेय म्हण’ असं लगेच सांगू नका. बेळगाव भागातली मराठी कन्नडच्या शेजारी वाढलेली आहे. ती चूक नाही, घरची भाषा आहे. पहिल्याच दिवशी आईसमोर पोराचं बोलणं दुरुस्त केलं की पोर गप्प होतं आणि आईही. प्रमाण मराठी वाचनातून सावकाश येते. कन्नडही शिकवायची आहेच, २०१५ च्या कायद्याने ती बंधनकारक आहे. घरी कन्नड येणारी आजी असेल तर तिला वर्गात बोलवा, ती खेळातले शब्द चांगले शिकवते.

आता कागद. जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, आणि जुन्या शाळेकडून टीसी यायला उशीर झाला म्हणूनही नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९, कलम १४ आणि ५. आधी वर्गात बसवा, कागद मागून येऊ द्या. महाराष्ट्रातून आलेल्या पोराचा यूडायसचा, म्हणजे देशभरच्या शाळांच्या ऑनलाइन नोंदीतला, पेन नंबर (विद्यार्थ्याचा कायमचा क्रमांक) टीसीवर लिहून घ्या. जुन्या शाळेने त्या नोंदीत नाव मोकळं केलं नसेल तर आपल्याकडे चढत नाही, आणि आई दोन्हीकडे हेलपाटे घालत राहते. तो फोन मुख्याध्यापकांनीच करावा.

सगळ्यांत जास्त घोळ नावाचा. आधारवर कन्नड आणि इंग्रजी, आपल्या रजिस्टरला मराठी. कुठे आडनाव आधी, कुठे नुसती आद्याक्षरं. हा फरक दहावीच्या फॉर्मपर्यंत झाकून राहतो आणि तेव्हा रडवतो. प्रवेशाच्या दिवशीच आधारचं इंग्रजी स्पेलिंग आईवडिलांना अक्षर-अक्षर वाचून दाखवा आणि सॅट्समध्ये, म्हणजे कर्नाटकच्या ऑनलाइन विद्यार्थी-नोंदीत, तेच भरा. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीचा, म्हणजे इथल्या महसूल कार्यालयाचा लागतो, त्यावरचा आरडी नंबर (दाखल्याचा क्रमांक) जपून ठेवायला सांगा. आईच्या माहेरचा, म्हणजे महाराष्ट्रातला दाखला इथल्या शिष्यवृत्तीला लावू नका.

त्या दिवशी जेवणात गोड काय करावं? खपली गव्हाची खीर करा, आणि आयांनाही पंगतीला बसवा. ५० मुलं आणि ३० पालकांना वाटीभर पुरेल असा अंदाज: सडून कोंडा काढलेली खपली २ किलो, गूळ २ किलो, ४ नारळ, वेलदोडा, जायफळ, चिमूटभर मीठ. गहू आदल्या रात्रीच भिजवा. सकाळी बोटाने चेपला जाईपर्यंत शिजवा, मगच गूळ घाला. घाईने गूळ आधी पडला तर दाणा पुढे शिजत नाही, कितीही जाळ करा. ओलं खोबरं वाटून शेवटी घाला आणि खळखळून उकळू नका. दूध घालायचं असेल तर खीर निवल्यावर, नाहीतर गुळाने फाटतं. गूळ घातल्यावर बूड लागतं, तेव्हा एक माणूस पळी घेऊन तिथेच हवा.

जेवण झाल्यावर आया निवांत असतात. तेव्हा एसडीएमसीचं सांगा. शिक्षण हक्क कायद्यात शाळा समितीचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असं आहे. सहीपुरत्या बायका नकोत. छप्पर कुठे गळतं, ओढ्याला पाणी आलं की कोणत्या वाडीची पोरं अडकतात, हे त्यांनाच माहीत असतं.

आणि एक काम वर्षभराचं. खात्याची पत्रकं, बँकेचे मेसेज कन्नडमध्ये येतात. महाराष्ट्रातून लग्न होऊन आलेल्या आईला ती लिपी वाचता येत नाही, आणि शिष्यवृत्तीची शेवटची तारीख निघून जाते. फाटकाजवळ एक फळा ठेवा. आलेलं पत्रक त्याच दिवशी चार ओळींत मराठीत: काय, कोणासाठी, कोणते कागद, कधीपर्यंत. शनिवारी शाळा सुटताना अर्धा तास एक शिक्षक तिथे बसला, तर आया मोबाइलवरचे मेसेज घेऊन येतील. ते वाचून दाखवायचे.